मध्यरेषा वीतभर राहिली की

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी झाली की गावोगावी मंडई म्हणजे गावजत्रा भरते. हलका धान तोवर कापून झालेला असतो, बांध्या मोकळ्या पडलेल्या असतात. चाळीसेक वर्षांपूर्वी रात्री दंडारीचं लोकनाट्य असायचं आणि दिवसा हुतूतूचे सामने. कबड्डी हे नाव शाळेत होतं, गावात सगळे हुतूतूच म्हणत. गोंदिया तेव्हा आमच्यातच होतं. 1 मे 1999 ला वेगळा जिल्हा झाला, पण त्याआधी तिरोडा, अर्जुनी मोरगावकडचे संघ घरचेच म्हणून पवनी-लाखांदूरपर्यंत खेळायला येत. वैनगंगेकाठच्या पोरांची आणि तिकडच्या पोरांची चुरस फार जुनी.

मैदान आदल्या दिवशी तयार व्हायचं. माती खणायची, खडे वेचायचे, पाणी मारायचं, चोपायची आणि चुन्याने रेषा आखायच्या. चुना संपला तर राख. खेळ अनवाणी. दोन-तीन झटापटी झाल्या की मध्यरेषा पुसली जायची. मग पंच पायाच्या अंगठ्याने ती पुन्हा ओढत. त्या पुसलेल्या रेषेवर हात टेकला की नाही, यावरून दोन गावांत वर्षभराचा अबोला झालेला मी पाहिला आहे.

हुतूतूत चढाई करणाऱ्याच्या हातात काही नसतं. त्याला न्यायचा असतो आपला दम, आणि तोच तुटू न देता परत आणायचा असतो. अंगण मोकळं असताना दम कुणालाही सांभाळता येतो. खरी परीक्षा मध्यरेषा वीतभर राहिल्यावर होते. कोपऱ्याच्या गड्याने घोटा धरलेला, दुसऱ्याने कंबर, तिसरा पाठीवर आडवा, आणि काठावरून अख्खं गाव ओरडतंय, “टेक बे, टेक!” त्यातच एखादा म्हातारा मात्र वेगळंच ओरडायचा: “दम सोडू नोको गा!” खेळ त्या म्हाताऱ्याला कळलेला असायचा. कारण हात रेषेवर पडला आणि त्याच्या क्षणभर आधी आवाज तुटला, तर गडी बाद. सगळी झटापट फुकट.

आम्हाला शिकवणारे गडी फार शिकलेले नव्हते, पण या वीतभर अंतराचं त्यांचं शास्त्र पक्कं होतं. पडायचं ते पुढे, आणि खांद्यावर. छाती जमिनीवर आपटली की फुप्फुसातला वारा एका दणक्यात बाहेर येतो आणि दम तिथेच संपतो. हात आधीच लांब करायचा नाही, कारण लांबलेलं मनगट धरायला सगळ्यांत सोपं. तो छातीखाली घडी करून ठेवायचा, कंबर वळवून पाठीवरचं ओझं एका बाजूला सरकवायचं, आणि रेषा आवाक्यात आली की एकदम खांद्यापासून हात सोडायचा. घोटा धरलेला असेल तर तोच पाय ओढत बसायचं नाही, मोकळ्या पायाने जमीन रेटायची. आणि या सगळ्यात आवाज पोटातून, बारीक, सलग. मोठ्याने ओरडणाऱ्याचा दम लवकर सरतो. पहाटे नदीच्या रेतीत धावताना आमच्याकडून हुतूतू म्हणवून घेत, ते एवढ्यासाठीच. गळा तयार झाल्याशिवाय चढाई मिळत नसे.

पुढे टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल पाहिला तेव्हा मला आमचे ते गडी आठवले. तिथे 4 प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचं असतं. शेवटी एखादाच यार्ड उरतो, सगळ्या मैदानाला ठाऊक असतं की आता चेंडू घेऊन एक गडी मधूनच घुसणार, आणि समोर माणसांची भिंत उभी असते. अशा वेळी तो धावपटू चेंडू दोन्ही हातांनी छातीशी कवटाळतो. रेषा दिसते म्हणून चेंडू पुढे केला की कुणीतरी ठोसा मारून तो पाडतो. न्यूयॉर्क जायंट्सचा टिकी बार्बर हा मोठा धावपटू, पण त्याच्या हातून चेंडू वारंवार सुटायचा. 2004 मध्ये नवे प्रशिक्षक आले, त्यांनी चेंडू छातीजवळ, उंच आणि घट्ट धरायची सवय लावली, आणि तो पूर्वीपेक्षाही मोठा खेळाडू झाला. त्यांचं ते छातीशी धरलेलं कातडं आणि आमचा छातीतला दम, राखण दोन्हीकडे तीच.

आता मंडई तशीच भरते. हिवाळ्यात रात्रीचे सामने दिव्यांच्या झोतात होतात आणि मोठ्या स्पर्धांना मॅट अंथरतात. 26 जुलै 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि आमच्या पोरांच्या पायांत बूट आले, तोंडी नवे शब्द आले: टो टच, सुपर टॅकल, डू ऑर डाय. चढाईला 30 सेकंदांची मुदत. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीला गुण आणायचाच, नाहीतर बाद. परदीप नरवालची डुबकी पाहून लाखनी-साकोलीकडची पोरं साखळीखालून निसटायला शिकली. मला हे मनापासून आवडतं. खड्यांनी फुटलेले गुडघे मी विसरलेलो नाही, आणि पुसलेल्या रेषेवरची भांडणंही. आता शंका आली तर मोठ्या स्पर्धेत चित्रफीत पाहून निकाल देतात. मुली खेळतात, हे तर सगळ्यांत मोठं. 7 ऑक्टोबर 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला 26-25 ने हरवून सुवर्ण घेतलं. एका गुणाचं अंतर म्हणजे एखाद्या चढाईतली वीतभर जागा. त्याच दिवशी पुरुषांचा इराणशी अंतिम सामना मैदानाच्या कडेच्या लॉबीच्या नियमावरून बराच वेळ थांबला होता. भारताने तो 33-29 ने जिंकला, पण वाद सगळा कोण कुठल्या रेषेबाहेर गेलं याचा होता. खेळ आता डोळ्यांनी तपासला जातो.

कानांनी तपासणं मात्र मागे पडलं, आणि मला याचंच वाईट वाटतं. आमचे जुने पंच झटापट सुरू झाली की गुडघ्यावर बसून कान त्या ढिगाऱ्यात घालत. कुणी चढाई करणाऱ्याचं तोंड दाबून दम तोडायला पाहिलं तर लगेच पकडत. तसं करणं नियमबाह्य होतं, आजही आहे. दम तुटला की बाद हा नियमही पुस्तकात कायम आहे. पण भोंग्यावरचं समालोचन आणि गाणी यांत पंचाला काय ऐकू येणार? पोरं ओठ हलवतात, घड्याळाकडे बघतात आणि खाली आपटली की गप्प होतात. मॅटवर घामेजलेलं अंग मातीवरच्यासारखं घसरत नाही, चिकटतं, म्हणून शेवटची वीत उलट अवघड झाली आहे. तिथे ताकद संपल्यावर उपयोगी पडणारा दम कुणी घडवतच नाही. चांगली अंगकाठी असलेली पोरं रेषेजवळ येऊन हरतात, कारण हात पोचण्याआधी आतलं सगळं सांडलेलं असतं.

आमचा भंडारा विदर्भातला, आणि त्याच विदर्भातल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले होते. आजही राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. त्या संघात भंडाऱ्याची पोरं जास्त दिसायची असतील तर उंची, वजन आणि बूट यांच्या आधी गळा तयार करायला हवा.

म्हणून गावोगावच्या मंडळांना आणि शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. सरावाची शेवटची 15 मिनिटं फक्त त्या वीतभर जागेला द्या. एक गडी खाली, तिघे त्याच्यावर, आणि रेषेला हात लागेपर्यंत आवाज सलग. सामन्यात चढाई चालू असेल तेवढा वेळ भोंगा बंद ठेवा, आणि पंचाला दम ऐकू द्या.