वरचा उजवा कोपरा

गेल्या दिवाळीत दिग्रसला मामांकडे गेलो होतो. मामांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. फराळ झाला, गप्पा झाल्या आणि बोलता बोलता विषय थिएटरच्या केबिनवर आला. तीस वर्षांहून जास्त काळ एक गोष्ट मनात अडकून होती. ती त्या दिवशी बाहेर पडली. घरच्यांनाही ठाऊक नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

मामा आमच्या भागातल्या एका थिएटरात ऑपरेटर होते. १९९२ च्या उन्हाळ्यात, दहावीची परीक्षा संपल्यावर, मी रोज त्यांच्यामागे केबिनमध्ये जायचो. यवतमाळचा मे महिना कसा असतो ते वाचणाऱ्यांपैकी अनेकांना माहीत आहे. त्यात पत्र्याचं छप्पर आणि दोन कार्बनच्या मशीन! तांब्याचा मुलामा असलेल्या दोन कांड्यांची टोकं एकमेकांना टेकवून जरा दूर केली की मधे वेल्डिंगसारखा प्रकाश पेटायचा. कांड्या जळत जळत आखूड व्हायच्या, म्हणून त्यांच्यातलं अंतर सारखं सांभाळावं लागे. अंतर वाढलं की पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या सुरू.

सिनेमाची पेटी बहुतेक वेळा अमरावतीहून एस.टी.ने यायची. आपल्याकडच्या सी. पी. बेरार सर्किटचे वितरक अमरावतीला आणि भुसावळला असत. तीन तासांचा सिनेमा म्हणजे जवळपास सोळा हजार फूट फिल्म. एका स्पूलवर साधारण दोन हजार फूट, म्हणजे वीस-बावीस मिनिटं. म्हणून मशीन दोन. एकीवरचं रीळ संपायच्या आत दुसरी चालू करायची. त्यासाठी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका दिसतो. पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका दिसतो, त्या क्षणी चेंजओव्हर. नीट जमलं तर पब्लिकला पत्ताच लागत नाही.

मामांचा एकच नियम होता, "सिनेमा पायाचा नाई. कार्बन पाय, कोपरा पाय. बाकीचं पब्लिकले पाहू दे."

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे 'माहेरची साडी' लागला होता. विजय कोंडके यांचा हा सिनेमा आला १९९१ मध्ये, पण आमच्यासारख्या गावांत प्रिंट उशिराच पोचायची. खेड्यापाड्यांतून बैलगाड्या भरून बायका यायच्या. बाजाराच्या दिवशी तर पाय ठेवायला जागा नसायची. हॉलमधलं मुसमुसणं वर केबिनपर्यंत ऐकू यायचं.

अशाच एका बाजाराच्या दिवशी मामा मला म्हणाले, "पाच मिनिटात येतो, चहा घेऊन." खरं तर लायसन्स नसलेल्या पोराला मशीनजवळ एकटं सोडायचं नसतं. पण तोवर मी चार-पाचदा चेंजओव्हर केलं होतं, त्यामुळे त्यांना भरवसा होता. मी छोट्या खिडकीतून पाहत होतो. कोपरा नाही, सिनेमा. माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न त्याच वर्षी झालं होतं. पडद्यावर अलका कुबल रडत होत्या, खाली चारशे बायका रडत होत्या आणि वर मी.

ठिपके कधी येऊन गेले कळलंच नाही. रीळ संपलं, शेपूट फडफडायला लागलं आणि पडदा पांढरा फट्ट. दुसरी मशीन सुरू करेपर्यंत दहा-पंधरा सेकंद गेले असतील. पण खाली नुसता गोंधळ! मालक जिन्यावरून वर आले, त्यांच्यामागे धापा टाकत मामा.

मी काही बोलायच्या आतच मामा म्हणाले, "मायाच हातून झालं शेठ. डोळा लागला होता."

त्यांचा दोन दिवसांचा पगार कापला गेला. मी भिंतीला टेकून उभा होतो, तोंडातून शब्द फुटला नाही. पुढे कॉलेज, नोकरी, पुणे... तो विषय कधी निघालाच नाही. दरम्यान थिएटरात डिश लागली, सिनेमा उपग्रहावरून यायला लागला. २०१३ मध्ये फुजीने सिनेमाची फिल्म बनवणं थांबवलं, तोवर आमच्याकडच्या मशीन भंगारात किलोवर गेल्याही होत्या. मामांनी एक लेन्स तेवढी मागून घेतली. ती अजून देव्हाऱ्याशेजारी असते.

दिवाळीत मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी चूक माझी होती."

मामा हसले. "तुयी कायची चूक बाबू? पोराले एकटं सोडून चहा प्याले कोण गेलं होतं? तुयं नाव घेतलं असतं, तर मायं लायसन्सच गेलं असतं."

म्हणजे ज्याला मी इतकी वर्षं निव्वळ मोठेपणा समजत होतो, त्यात त्यांची स्वतःचीही अडचण होती. पण मालक गेल्यावरही ते मला एका शब्दाने बोलले नव्हते, ते मात्र माझ्यासाठीच. हे दोन्ही खरं आहे, आणि असं दोन्ही कळल्यावर मला जास्त मोकळं वाटलं.

मग मामाच म्हणाले, "तो पिच्चर महिनाभर चालवला, पण मी पायलाच नाई. मोबाइलवर भेटते काय?"

टीव्हीला जोडून लावला. जुन्या प्रिंटवरून उतरवलेली कॉपी होती. मामा नवा डोळा किलकिला करून बघत बसले. मधेच वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकून गेला आणि त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तो हळूच खाली ठेवला.

मामी म्हणाली, "आता तरी आरामात पाहा जी!"

शेवटपर्यंत पाहिला त्यांनी. रडलेही. मी त्या दिवशी का चुकलो होतो, ते त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.