पडायला शिकलो

तुम्ही कधी मुद्दाम पडला आहात का? मी पडलो आहे, तेही रोज!

आठवीत असताना एका दांडग्या मुलाने मला ढकलले. मी हात टेकला आणि मनगट मोडले. ते बरे झाल्यावर अब्बांनी मला ज्युदोच्या वर्गात घातले. मनात म्हटले, आता त्याला दाखवतोच!

पण सरांनी महिनाभर एकही डाव शिकवला नाही. शिकवले ते फक्त पडायला. जपानी भाषेत याला 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीकडे घ्यायची आणि पडताना सगळा हात गादीवर सपाट आपटायचा. त्यामुळे धक्का हातभर पसरतो. हात टेकला तर सारा भार मनगटावर येतो. हे मला आधी कोणी सांगितले असते तर! जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत ज्युदो सुरू केला. आजही नवशिक्याला आधी पडायलाच शिकवतात.

पुढे तोच मुलगा आमच्या वर्गात आला. त्याचा पडण्याचा महिना संपला आणि सरांनी त्याची जोडी माझ्याशी लावली. मी त्याला कमरेवरून उचलले. पाडणाऱ्याने जोडीदाराची बाही धरून ठेवायची असते, म्हणजे त्याचे डोके आपटत नाही. सोडावी का बाही? क्षणभर वाटले खरे.

मी ती घट्ट धरली.