जाणिवेची बेरीज

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. बेरीज रकमांपेक्षा एक पैशाने जास्त निघाली तरी आमची झोप उडते. जुलिओ टोनोनी या शास्त्रज्ञाने मात्र २००४ साली नेमकी हीच जास्तीची रक्कम म्हणजे जाणीव, असे मांडले. मेंदूचे भाग सुटे धरले तर जी माहिती निघते, तिच्याहून ते जोडलेले असताना किती अधिक निघते, त्या आकड्याला त्यांनी ‘फाय’ म्हटले. अख्ख्या मेंदूचा फाय मोजणे संगणकालाही झेपत नाही. २०२३ मध्ये शंभरावर अभ्यासकांनी तर या सिद्धांताला विज्ञान म्हणायलाच नकार दिला. ते भांडण विद्वानांनी पाहावे.

आम्हाला भावले ते मिलानच्या मार्सेल्लो मासिमिनी यांच्या गटाचे २०१३ मधले काम. डोक्याबाहेरून मेंदूला चुंबकाचा ठोका द्यायचा, उठणारे विजेचे तरंग टिपायचे आणि ती नोंद संगणकावर किती आखडते ते पाहायचे. गाढ झोपेत ती सहज आखडते. जागेपणी, स्वप्नातसुद्धा, आखडत नाही. २०१६ मध्ये त्यांनी ०.३१ ही सीमा धरली. कसलीच जाणीव उरली नाही असे ठरवलेल्या ४३ रुग्णांपैकी ९ जणांचा आकडा तिच्या वर निघाला!

आमचे थोरले बंधू १९९८ साली अपघातानंतर नऊ दिवस निपचित होते, मग गेले. वहिनी रोज त्यांच्या कानाशी बोलत. परवा त्यांना हे सांगितले. म्हणाल्या, “म्हंजे भाऊजी, त्यांनी ऐकलं असंल?”

आम्ही हो म्हणालो नाही. आत कोणी जागे आहे का, एवढेच तो आकडा सांगतो. काय ऐकले ते नाही. आणि त्यांचा आकडा कोणी काढलाच नव्हता.