अक्कांची फाईल

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका घराचा हिशेब गेली २८ वर्षे अक्का पाहत आल्या. रोजमेळात एका रुपयाची तफावत आली तरी ती सापडेपर्यंत त्या जागेवरून उठत नसत. मात्र वयाच्या ५४व्या वर्षी त्यांच्याच शरीराचा हिशेब कागदावर उतरला, तेव्हा तो कागद कोणी त्यांच्या हाती दिला नाही.

डाव्या स्तनातील गाठ त्यांना स्नान करताना प्रथम जाणवली. ती दुखत नव्हती, म्हणून त्यांनी तिकडे दुर्लक्ष केले. घरात धाकट्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. अशा वेळी स्वतःचे दुखणे काढणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. स्तनातील कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. तीन महिने असेच गेले. अखेर थोरल्या सुनेच्या लक्षात आले आणि तिने त्यांना डॉक्टरांकडे नेले.

आधी हाताने तपासणी, मग मॅमोग्राफी व सोनोग्राफी आणि शेवटी सुईने गाठीचा लहानसा तुकडा काढून केलेली बायोप्सी, असा तपासाचा क्रम होता. "सुई लावली की रोग पसरतो," असे एका नातलगाने बजावले होते. डॉक्टरांनी शांतपणे समजावले, की या बायोप्सीमुळे रोग पसरत नाही. तो कोणत्या प्रकारचा आहे हे त्यातूनच कळते आणि पुढचे सारे उपचार त्यावरच ठरतात.

अहवाल आला. अण्णांनी तो कपाटात ठेवला आणि "साधी गाठ आहे, काढून टाकू," एवढेच घरात सांगितले. त्यांच्या मनात दोन भीती होत्या. अक्का खचतील ही एक, आणि बातमी बाहेर गेली तर मुलीचे स्थळ मोडेल ही दुसरी. चौथ्या दिवशी अक्का जेवणानंतर म्हणाल्या, "अहो, दुकानातली सगळी खाती मी लिहिते. माझे खाते तेवढे माझ्यापासून झाकून ठेवता?" अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी कपाट उघडले आणि फाईल त्यांच्यापुढे ठेवली.

त्या रात्री मायलेकींनी वही घेऊन न कळलेला प्रत्येक शब्द उतरवून काढला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तासभर बसून उत्तरे दिली. ग्रेड आणि स्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम उलगडले. पेशी निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात हे ग्रेड सांगते. रोग किती पसरला आहे हे स्टेज सांगते. अक्कांची ग्रेड २ होती. गाठ १.८ सेंटीमीटरची होती.

ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीची वाढ स्त्री-संप्रेरकांवर पोसली जाते; त्यांना अडवणाऱ्या गोळ्या अशा रुग्णांना उपयोगी पडतात. हर-२ या प्रथिनाची नोंद ०, १+, २+ किंवा ३+ अशी होते. ३+ असेल तर ट्रास्टुझुमॅबसारखी नेमकी त्या प्रथिनावर चालणारी औषधे असतात. अक्कांच्या अहवालात २+ होते, म्हणजे निर्णय अधांतरी. त्यासाठी त्याच तुकड्यावर फिश नावाची आणखी एक चाचणी झाली आणि ती निगेटिव्ह आली. तिन्ही निगेटिव्ह असतील, तर संप्रेरकांच्या गोळ्या उपयोगी पडत नाहीत आणि बहुधा केमोथेरपीवर भर द्यावा लागतो. एकीचा उपचार दुसरीला का लागू पडत नाही, हे अक्कांना तेव्हा उमगले.

"सारेच काढून टाका, म्हणजे चिंता मिटली," असा दिरांचा आग्रह होता. डॉक्टरांनी दाखला दिला. अमेरिकेतील बर्नार्ड फिशर आणि इटलीतील उंबर्तो वेरोनेसी यांनी चालवलेल्या अभ्यासांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. लवकरच्या अवस्थेत फक्त गाठ काढून पुढे रेडिएशन घेतलेल्या स्त्रिया संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगल्या, असे दोन्हींत दिसले. मात्र रेडिएशन टाळून चालणार नव्हते. निर्णय अक्कांनी स्वतः घेतला. गाठ काढली, काखेतील पहारेकरी ग्रंथी तपासल्या, त्यांत रोग नव्हता. त्यांच्या बाबतीत केमोथेरपीची गरज नाही असे ठरले. रेडिएशन झाले आणि पुढील ५ वर्षांसाठी लेट्रोझोलची गोळी सुरू झाली. ती दिवसातून एकदाच घ्यायची असल्याने सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेमही राहिला. या गोळीने हाडे विरळ होऊ शकतात, म्हणून त्यांची घनता मोजून घेतली. उपवास करण्याआधी डॉक्टरांना विचारायचे, असेही ठरले.

उरला प्रश्न मुलीचा. स्तनाचे बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात. सुमारे ५ ते १० टक्के असतात. ब्रॅका-१ किंवा ब्रॅका-२ या जनुकात दोष असेल, तर तो अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, मग ते मूल मुलगा असो वा मुलगी. आणि तो आईकडून तसाच वडिलांकडूनही येतो. अक्कांनी रक्ताची चाचणी करून घेतली. दोष आढळला नाही. तरी आईला हा आजार झालेला असल्याने मुलीला इतर स्त्रियांपेक्षा काहीसा अधिक धोका राहतोच, हे डॉक्टरांनी स्पष्ट केले.

पाहुणे आले त्या दिवशी अण्णांनी डोळ्यांनी खुणावले, तरी अक्कांनी सारे सांगून टाकले. आजार, उपचार, मुलीसाठी केलेली चाचणी, काहीच वगळले नाही. मुलाच्या आई बराच वेळ गप्प होत्या. मग उठून अक्कांजवळ येऊन बसल्या आणि हलक्या आवाजात त्यांनी एवढेच विचारले, "तुमची सोनोग्राफी कुठे केली होती?"