उतरला तो हरला

नातवंडांपुढे आजोबांनी फुशारक्या मारू नयेत, असा एखादा कायदा व्हायला हवा. तसा तो असता, तर वयाची सत्तरी उलटल्यावर, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मी सायकल हातात धरून पातूरच्या घाटाच्या पायथ्याशी उभा राहिलो नसतो. आणि पन्नासाहून अधिक वर्षे जपून ठेवलेली एक लबाडीही माझ्या तोंडून बाहेर पडली नसती.

त्याचे असे झाले. माझी नात पुण्याला असते. वय वर्षे सोळा, आणि सायकलचे भारी वेड. आमच्या वेळी तासाला चार आणे देऊन भाड्याची सायकल आणायची आणि दांडीखालून पाय घालून कैची मारायची, एवढ्यावर हे वेड भागत असे. हिची सायकल वजनाला जेमतेम दहा किलो. दिवाळीला ती आमच्याकडे आली, तीच मुळी सायकल मोटारीच्या टपावर बांधून.

आमच्याकडे म्हणजे मालेगावला. मालेगाव म्हटले की ऐकणारा लगेच नाशिक जिल्ह्यात जाऊन पोहोचतो. आमचे मालेगाव ते नव्हे. आमचे वऱ्हाडातले, मालेगाव जहांगीर. पूर्वी अकोला जिल्ह्यात होते आणि १९९८ साली वाशीम जिल्हा निराळा झाल्यापासून वाशीम जिल्ह्यात आहे. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाला जाणारे यात्रेकरू आमच्या गावाला ओळखतात. बाकीच्यांना दर वेळी समजावून सांगावे लागते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फराळाची ताटली मांडीवर घेऊन नातीने मला स्पेन देशाची चित्रे दाखवली. त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावर काल्पे नावाचे गाव आहे. हिवाळ्यात मोठमोठ्या सायकलस्वारांची पथके तिथे सरावाला जमतात. समुद्रालगत सपाटी आणि संत्र्यांच्या बागा. तिथून तास-दीड तास पायडल मारले की रस्ता आत डोंगरात शिरतो आणि बदाम-जैतुनाची पायऱ्यापायऱ्यांची शेते लागतात. पार्सेंत नावाच्या खेड्यापासून ‘कोल दे रातेस’ ही सहा-साडेसहा किलोमीटरांची खिंड चढायची, वर कॉफी प्यायची आणि उतरायचे.

“आजोबा, मला एकदा तिथं जायचंय,” ती म्हणाली. “सपाटीवरून एकदम डोंगर! आपल्याकडे असं कुठं आहे?”

आता हा आमच्या वऱ्हाडाचा अपमान झाला. मी चकली खाली ठेवली. म्हटले, “अगं, जुन्या महसुली कागदांत वऱ्हाडाचे दोनच भाग आहेत. घाटाखालचा तो पायनघाट आणि घाटावरचा तो बालाघाट. अकोला पायनघाटात, आपण बालाघाटात. अकोल्याची उंची सुमारे दोनशे ऐंशी मीटर, वाशीमची साडेपाचशेच्या घरात. मधे अजिंठ्याच्या डोंगराची रांग. समुद्र तेवढा नाही. पण त्याचीही सोय आहे. या धारेच्या उत्तरेला पडलेला पाऊस काटेपूर्णेतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला जातो. दक्षिणेला पडलेला पैनगंगेतून वर्धेला, पुढे गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला. आपल्या तालुक्यातली एक सर दोन समुद्रांना वाटली जाते. तुझ्या स्पेनमध्ये आहे का असं?”

इथेच थांबायला हवे होते. पण समोर नात, हातात चकली आणि शेजारी कौतुकाने ऐकणारी सून! मी पुढे म्हणून गेलो, “आणि पातूरचा घाट मी तुझ्याएवढा असताना, बिनगिअरच्या सायकलवर, एकदाही खाली न उतरता चढलो आहे.”

“मग भाऊबीज झाली की जाऊ या,” नात म्हणाली.

स्वयंपाकघरातून तिच्या आजीचा आवाज आला, “काहून? हातपाय मोडून घ्यायचे आहेत काय?” पण आता माघार घेणे शक्य नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मी घाट न उतरता चढलो नव्हतो.

गोष्ट १९६९ च्या मे महिन्यातली. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांच्या चष्म्याची काच फुटली होती आणि नवा चष्मा अकोल्याला तयार होऊन पडला होता. एस.टी.चे भाडे वाचवावे म्हणून मी त्यांची हर्क्युलस घेऊन निघालो. अकोला साठेक किलोमीटर. जाताना घाट उतरणीचा, त्यामुळे वारा पीत गेलो. रात्री मावशीकडे राहिलो, चष्मा खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत निघालो.

गावात एक सायकलचे दुकान होते. घाट न उतरता चढून आलेल्याचे नाव दुकानदार भिंतीवर खडूने लिहीत असे. त्या भिंतीवर चार नावे होती. “उतरला तो हरला,” एवढाच त्या दुकानातला नियम. पाचवे नाव माझे व्हावे, ही माझी त्या वयातली सगळ्यात मोठी महत्त्वाकांक्षा.

पातूरला पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. त्या सायकलचे वजन वीस किलोच्या आसपास. पायडलची एक फेरी मारली की चाक साडेपाच मीटर पुढे गेले पाहिजे, असा तिचा हिशेब. सपाटीवर ठीक, चढणीवर जीवघेणा. हल्लीच्या गिअरच्या सायकलीला सगळ्यांत हलक्या गिअरमध्ये एका फेरीला दोन-सव्वादोन मीटरच जावे लागते. अंतर तेवढेच, पण घास लहान करून खाता येतो. मला तो एकच मोठा घास गिळायचा होता. निम्मा घाट चढलो. पुढे एक उभे वळण आहे, वळणावर पळसाचे झाड. तिथे छाती फुटायची वेळ आली. पाय थांबला, आणि मी उतरलो. पळसाच्या सावलीत बसलो, तांब्याभर पाणी प्यालो आणि पुढचा जवळजवळ सगळा चढ सायकल ढकलत चालत गेलो. उन्हाने रस्त्याचे डांबर पातळ झाले होते आणि पावलागणिक चपला चिकटत होत्या.

मेडशी आल्यावर पुन्हा सायकलवर बसलो. मालेगावच्या दुकानापुढे ताठ बसूनच उतरलो. म्हटले, “चढलो. एकदाही उतरलो नाही.” दुकानदाराने विचारलेसुद्धा नाही. खडू काढला आणि माझे नाव लिहिले.

घरी वडिलांनी नवा चष्मा डोळ्यांवर चढवला. आधी भिंतीवरचे कॅलेंडर वाचून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, मग खाली पाहिले. “घाट कसा काय चढलास?” त्यांनी विचारले. मी दुकानात सांगितले तेच सांगितले. “बरं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चपला दाराशी नीट जोडून ठेवलेल्या होत्या. तळाचे डांबर खरवडून काढलेले होते आणि त्यांना रॉकेलचा वास येत होता. मला वाटले, आईने केले असेल.

शाळेला जाताना वडील रोज त्या दुकानावरून जात. एकदा ते भिंतीपुढे थांबून नावे वाचत असलेले मी लांबून पाहिले. मला ते काही बोलले नाहीत. दुकानदारालाही नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला. एका रविवारी वडील म्हणाले, “चल, पातूरला जाऊन येऊ.” दुसरी सायकल त्यांनी मागून आणली. काम काय होते ते मला कधीच कळले नाही. परत येताना घाटात तेच वळण आले, तोच पळस आला, आणि वडील सायकलवरून शांतपणे खाली उतरले. पंधरा वर्षे त्या रस्त्याने जाणारा माणूस!

“मी इथं उतरतो,” ते म्हणाले. “नेहमीच उतरतो. यात काही नाही.”

मीही उतरलो. आम्ही दोघे सायकली ढकलत चालू लागलो. चालता चालता त्यांनी वर्गात नेहमी सांगायची गोष्ट काढली. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले. हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघे साडेचार वर्षांनी, १९२८ साली, फेरी पुरी करून परत आले. ती गोष्ट मला पाठ होती. पण त्या दिवशी शेवटी त्यांनी एक वाक्य जास्त घातले. “जगाला फेरी घालून आलेली माणसं. पण तीसुद्धा कुठंतरी उतरली असतीलच की रे.”

मी गप्प राहिलो.

थोडे पुढे गेल्यावर त्यांनी विचारले, “चपला बऱ्या आहेत ना आता?”

“हो,” मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत क्षणभर थांबले. मग टेकडीच्या माथ्याकडे पाहत म्हणाले, “चल, बसू आता सायकलवर.” पुढे गावापर्यंत आम्ही काही बोललो नाही. आठवडाभराने मोठा पाऊस झाला आणि भिंतीवरची नावे धुऊन गेली. दुकानदाराने ती परत लिहिली नाहीत.

वडील १९८७ साली गेले. तेराव्याच्या आधी घरात बसलो असताना मी आईला सहज म्हणालो, “तू एकदा माझ्या चपलांचं डांबर काढलं होतंस, आठवतं?” आई म्हणाली, “मी कशाला काढू? त्यांनीच काढलं. कंदील घेऊन ओट्यावर बसले होते अर्धी रात्र. मी विचारलं तर म्हणाले, उन्हात पोरगा लई चालला आज.”

तर असा तो घाट. नात मला तिथे घेऊन निघाली होती.

शेजारच्या मुलाची गिअरची सायकल मागून घेतली. टेम्पोने पातूरपर्यंत गेलो आणि सकाळी सातला चढायला लागलो. हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग १६१ झाला आहे. नांदेडवरून थेट तेलंगणात संगारेड्डीपर्यंत जातो. आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्गही जातो. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पुरा झाला. पण तिथे मोटारसायकललाही मज्जाव, मग सायकलला कोण विचारतो? आमचा जुना घाट अजून कुणालाही चढू देतो, हे त्याचे मोठेपण.

सोयाबीन निघून गेलेले, तुरीला पिवळा फुलोरा आलेला, कपाशीची बोंडे उललेली. घाटात सागाची मोठी पाने वाऱ्यावर वाजत होती. नात पुढे जाई आणि माझ्यासाठी थांबे. थांबली की गोष्टी सांगे. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली विसाव्या वर्षी एकटीने सुमारे २९ हजार किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा केली. कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चोरट्यांनी चाकू दाखवून लुटले, तरी ती पुढे गेली. स्पेनचा बाहामोंतेस तोलेदोच्या बाजारात भाजीच्या गाड्या ओढता ओढता सायकलस्वार झाला. १९५४ च्या फ्रान्सच्या शर्यतीत तो एक खिंड सगळ्यांच्या आधी चढून गेला आणि माथ्यावर आईस्क्रीम खात उभा राहिला. चाकाच्या तारा तुटल्या होत्या म्हणून गाडीची वाट पाहत होता. १९५९ साली तीच शर्यत त्याने जिंकली. चढणीवर गरुड, पण उतरणीला मात्र घाबरायचा म्हणे.

तेवढ्यात वळण आले. रस्ता रुंद झाला आहे आणि माझा पळस आता तिथे नाही. पण पायांना जागा बरोबर कळली. अजून एक हलका गिअर शिल्लक होता. चढलो असतो कदाचित. मी उतरलो.

“दमलात?” नातीने विचारले.

“नाही,” मी म्हणालो, आणि सायकल कठड्याला टेकवून तिला सगळे सांगितले. खडूचे नाव, डांबर, रॉकेल, चपला.

ती हसेल असे वाटले होते. ती म्हणाली, “उतरलात त्यात काय? सिंहगडाला पहिल्यांदा गेले तेव्हा मी तीनदा उतरले. सगळेच उतरतात.” मग जरा वेळाने म्हणाली, “पण आजोबा, पणजोबा इथं थांबले होते ना, तेव्हा बोलायला हवं होतं तुम्ही.”

पोरीने बरोबर जागी बोट ठेवले. ज्या गोष्टीची मला पन्नास वर्षे लाज वाटली, ती तिच्या लेखी काहीच नव्हती. आणि जी मी मनातल्या मनात ‘राहून गेले’ म्हणून सोडून दिली होती, तिच्यावर ती अडली होती. वडील माझ्यासाठी त्या वळणावर उतरले होते. चढायची ताकद असताना उतरले होते. मला फक्त एक वाक्य बोलायचे होते.

आम्ही थोडे अंतर चालत गेलो. मग बसलो. मेडशीला चहा घेतला, चहावाल्याने विचारले, “बाप्पा, घाट चढून आले काय या वयात?” मी म्हणालो, “थोडा चढलो, थोडा चाललो.” त्याला त्यात काही विशेष वाटले नाही. त्याने दुसरा कप पुढे केला.

दुपारी मालेगावात शिरलो. सायकलच्या त्या दुकानाच्या जागी आता मोबाईलचे दुकान आहे आणि भिंतीला काचा लागल्या आहेत. घरी पोचलो तर नातीची आजी दारातच उभी होती.

“काय, न उतरता आले?” तिने विचारले.

“नाही,” मी म्हणालो. “उतरलो.”

आणि ओट्यावर बसून बूट काढले. तळाला नुसती धूळ होती.