पारा कुठला खरा?

उन्हाळा लागला की पारावर एकच वाद रंगतो. एक म्हणतो त्रेचाळीस, दुसरा मोबाईल दाखवून म्हणतो सत्तेचाळीस. मग सरकार आकडे दडवते, इथवर गोष्ट जाते.

२९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस दाखवले. राजस्थानातल्या फलोदीचा २०१६ सालचा ५१ अंशांचा उच्चांक मोडला, असा गवगवा झाला. हवामान खात्याने तिथे प्रमाणित उपकरण नेऊन ताडून पाहिले, तर यंत्र सुमारे तीन अंश जास्त दाखवत होते. तसे खात्यानेच जाहीर केले. पण म्हणून उष्मा खोटा नव्हता. त्याच दिवशी सफदरजंग केंद्रावर ४६.८ अंश होते.

हवेचे तापमान मोजायचे ते सावलीत, वारा खेळत असताना. म्हणून तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर ठेवतात. पेटीचे दार उत्तरेला. ओसरीच्या पत्र्याखाली टांगलेला पारा पत्र्याचीच धग सांगणार! मोबाईलवरचा आकडा तर बहुधा गणिताने काढलेला. तुमच्या बांधावर यंत्र कुठे आहे?

केळी-आंबावाल्यांनी मात्र हे हसण्यावारी नेऊ नये. हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाई नेमून दिलेल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. तिथे एका अंशाने घरात पैसा येतो किंवा येत नाही. आपले केंद्र झाडोऱ्यात दडले आहे का, भिंतीला खेटून आहे का, एकदा जाऊन पाहा. शंका आली तर हंगाम संपण्याआधीच तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.