बॉम्बे रोडवरची पेटी

हावड्यात कोणालाही विचारा, कोलाघाट-खडगपूरकडे जाणारा हमरस्ता अजून ‘बॉम्बे रोड’च आहे. कागदोपत्री तो आता राष्ट्रीय महामार्ग १६. जुन्या ६ नंबरच्या काळात मात्र हीच वाट नागपूर, अमरावती, अकोला, धुळे करत पार हजिऱ्यापर्यंत जायची. आम्ही मूळचे अकोल्याचे, राहतो शिबपूरला. थंडीत गाडी काढून तंबू ठोकायला निघालो की चाकं आपसूक या रस्त्याला लागतात.

इथे डिसेंबर-जानेवारी म्हणजे पिकनिकचा हंगाम. गादियाडा, गडचुमुक, नदीकाठी जागा दिसेल तिथे मटणाचे हंडे चढलेले. ती मंडळी टेम्पोतून स्वयंपाक्यासकट संसार नेतात. आमची गाडी लहान, डिकीत एकच पत्र्याची पेटी मावते. म्हणून भांडी मोजण्याआधी मी बघते, वाटेत काय मिळणार नाही. मुडी म्हणजे मुरमुरे, अंडी, बटाटे, मोहरीचं तेल, थंडीत खजुराचा गूळ प्रत्येक बाजारात मिळतो. मिळत नाही ते ज्वारीचं पीठ आणि गोडा मसाला. तेवढं घरून घ्यायचं, बाकीची जागा मोकळी ठेवायची.

तळाशी परात, तिच्यात उलटा लोखंडी तवा. त्यावर तीन लिटरचा कुकर, आणि कुकर रिकामा न्यायचा नाही: आत मिसळणाचा डबा, शेंगदाण्याचं कूट, ठेच्याची बरणी, मधे जुनी फडकी कोंबलेली, म्हणजे खडखडाट होत नाही. पक्कड, उलथनं, सुरी कडेला. सगळ्यात वर चहा-साखर, गाळणं आणि लायटर. थांबल्याबरोबर पहिलं काय लागतं ते कोणालाही माहीत आहे, तरी लोक चहा तळाशी पुरतात!

खरी अक्कल लागते ती गॅसला. छोट्या शेगडीचे ते ब्युटेनचे डबे दिसायला सुटसुटीत, पण पूर्ण आचेवर तास-दीड तासात संपतात. शिवाय ब्युटेनचा वायू व्हायला शून्याच्या वरचं तापमान लागतं, आणि जळता जळता डबा स्वतःच गार पडत जातो. झाडग्रामच्या पहाटे ज्योत मग केविलवाणी होते. आम्ही पाच किलोचा छोटा सिलिंडर नेतो. त्यात प्रोपेनही असतो, थंडीत तो तग धरतो. गाडीत तो उभा, टोपण लावून, काच थोडी खाली करून.

वाऱ्यासाठी आडोसा बेलिलियस रोडवर करून घेतला. ज्या हावड्याच्या ओतशाळांतली गटारांची झाकणं न्यूयॉर्कपर्यंत जातात, तिथल्या मिस्त्रीला माझं काम म्हणजे पोरखेळच. “बौदी (वहिनी), चौथी बाजू नको?” त्याने विचारलं. नको. शेगडी नळीने जोडलेली, सिलिंडर आडोशाबाहेर. चहूकडून वेढलं तर उष्णता आतच कोंडायची. तंबूच्या आत तर शेगडी कधीच पेटवायची नाही, कितीही हुडहुडी भरली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

झाडग्रामला आम्ही शालवनाच्या कडेला, एका घराच्या अंगणात तंबू लावतो. पहिल्याच संध्याकाळी घरमालकाने बजावलं, रात्री भाताचं पातेलं बाहेर ठेवू नका. दलमाच्या रानातले हत्ती धानाच्या हंगामात इकडे उतरतात आणि धान्याच्या वासावर येतात. तेव्हापासून रात्री उरलंसुरलं संपवायचं, भांडी घासून पेटीत, पेटी गाडीत, गाडीला कुलूप. पीठ आणि तांदूळ घट्ट झाकणाच्या डब्यातच. वाळलेल्या शालपानांवर चूल मांडायचा मोह होतो, पण एक ठिणगी पुरते. भाकरी गॅसवरच भाजायची. तवा चांगला तापलेला असला की तीही टम्म फुगते, आणि अहोंची चुलीवरच्या चवीची कुरकूर पिठल्याच्या पहिल्या घासाला थांबते.

गावाकडून कोणी आमच्याबरोबर तंबूला यायचं म्हणून गीतांजली एक्स्प्रेसने निघणार असेल, तर एक सांगणं. गॅसचा डबा, रॉकेल, स्टोव्ह यातलं काही गाडीत चढवू नका. रेल्वे कायद्याच्या १६४व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ते सगळं हावड्यात मिळतं. ज्वारीचं पीठ तेवढं जास्तीचं आणा.